शेजारच्या सीटवरचा माणूस

"बाई, अजून हातभर जागा असती ना, तर आणली असती मी," शववाहिकेचा ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने बाहीने पुन्हा कपाळ पुसलं.

आमची गल्ली अरुंद आहे, हे खरं. एका बाजूला शिंप्याच्या दुकानाची पायरी, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब. गाडी उलटी आणायची तर खांब अगदी जवळ येईपर्यंत थांबायचं आणि मग एकदम पूर्ण स्टिअरिंग मारायचं. या माणसाला खांब दिसला की धीर धरवत नव्हता. तो आधीच वळवायचा, पायरीला टेकायचा आणि पुन्हा गाडी पुढे घ्यायचा. दारात शेजारीपाजारी उभे होते. कुणी "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत नव्हतं. आमच्या दारात गाडीबाबत सल्ला देण्याची लोकांना सवय नाही.

"तुम्ही उतरा," मी म्हणाले. "मी आणते."

"तुम्ही? अहो, तुमच्या घरात आज..."

"चावी आतच आहे ना?"

तो उतरला. मी बसले, सीट पुढे ओढली, आरसा माझ्या उंचीला लावला. खांब आला, थांबले, स्टिअरिंग मारलं. गाडी दारासमोर आणून, माणसांना दोन्ही बाजूंनी उचलून नेता येईल एवढं अंतर ठेवून उभी केली. हँडब्रेक ओढला. खाली उतरल्यावर शिंप्याच्या बायकोने माझ्या पायांकडे पाहिलं म्हणून मीही पाहिलं. एक चप्पल माझी होती, एक माझ्या लेकीची.

"मेजरसाहेबांच्या सूनबाई ना तुम्ही?" ड्रायव्हर म्हणाला. "मग बरोबर आहे."

आत मामंजी पलंगावर होते. पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. ते त्यांना मी लावलं होतं, कारण उघड्या गळ्याने ते कधी उंबऱ्याबाहेर गेले नव्हते. मला रडू येत नव्हतं. येईल, असं सगळे म्हणत होते. "मोकळी हो गं," म्हणून कोपऱ्यावरची मावशी पाठीवरून हात फिरवत होती, आणि तिचा हात फार जड आहे एवढंच मला जाणवत होतं.

मामंजी मेजर नव्हते. सैन्यात ते ट्रक चालवायचे. पीठ, रॉकेल, बूट, कधी दारूगोळा, जे भरून देतील ते डोंगरावर पोचवायचं. पण ताठ मान, बारीक कापलेले केस आणि एक शब्द जास्त न बोलण्याची खोड, यावरून बाजारपेठेने त्यांना परस्पर बढती देऊन टाकली. सुरुवातीला ते सांगायचे, "अहो, मी ड्रायव्हर होतो." त्यावर लोक म्हणायचे, "बघा, किती साधा माणूस!" पुढे त्यांनी नाद सोडला.

लढाई संपून ते परत आले तेव्हा एका कानाने कमी ऐकू येत होतं आणि ट्रक चालवण्यापलीकडे दुसरं काही येत नव्हतं. सासूबाई सांगायच्या, "लग्नात यांच्याजवळ दोनच वस्तू होत्या. एक ट्रंक आणि एक हट्ट. ट्रंक पुढे गंजली." त्या हट्टापायी त्यांनी भंगारवाल्याकडून पत्रा चेपलेली एक जुनी मोटार घेतली आणि मागच्या अंगणात महिनाभर तिच्याखाली झोपून काढला. शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक हवा म्हणून त्यांनी सासूबाईंच्या शिवणयंत्राचं पायडल काढून मोटारीत बसवला. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या अर्धवट शिवलेलं झबलं हातात घेऊन अंगणात आल्या. आयुष्यभर हे भांडण त्यांनी ताजं ठेवलं होतं. "अख्ख्या गावाला ब्रेक दिलात, माझं मशीन तेवढं बसवलंत," असं त्या पाहुण्यांदेखत म्हणायच्या. मामंजी पाहुण्यांना म्हणायचे, "खरं आहे."

गावातलं ते पहिलं ड्रायव्हिंग स्कूल. एक शटर, एक टेबल, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता. पुढे दुसरी शाळा निघाली, तिसरी निघाली. ते लोक लायसन काढून देण्याची हमी द्यायचे. मामंजींकडे येऊन कुणी तसं विचारलं तर ते म्हणायचे, "मी गाडी शिकवतो. लायसनचं तुमचं तुम्ही बघा." त्यामुळे गिऱ्हाइकं कमी व्हायला हवी होती. झाली नाहीत. आपल्या मुलीला, आपल्या बायकोला शिकवायची वेळ आली की लोक इथे यायचे.

त्यांचे नियम थोडे होते. त्यातला एक मला लग्नाआधीपासून ऐकून माहीत होता. त्यांच्या गाडीत बसलेला प्रत्येक जण "तुम्ही". बेकरीतला पोरगा असो की न्यायाधीशांची बायको. घरी तू, गाडीत तुम्ही. "स्टिअरिंग हातात आहे तोवर माणसाचा मान ठेवावा," ते म्हणायचे. "नाहीतर तो घाबरतो, आणि घाबरला की आपल्याला मारतो."

माझ्या नवऱ्याला शाळेत रस नव्हता. ते औषधांच्या कंपनीत होते, गावोगाव फिरायचे. बापलेकांचं वैर नव्हतं, गप्पाही नव्हत्या. रविवारी सकाळी दोघं मिळून शाळेच्या गाड्या धुवायचे. एक पाणी मारायचा, दुसरा पुसायचा, आणि पूर्ण सकाळभरात "बादली" आणि "झालं" याखेरीज शब्द निघायचा नाही. मी नवी असताना सासूबाईंना विचारलं होतं, "यांचं काही बिनसलंय का?" त्या म्हणाल्या, "अगं, मजेत आहेत. हे यांचं बोलणंच चाललंय."

लेक नुकती भिंत धरून चालायला लागली होती तेव्हा माझे यजमान गेले. कंपनीच्या गाडीत मागे बसून परत येत होते. चालवणाऱ्याला डुलकी लागली. तोही गेला. त्यामुळे रागवायलाही कुणी उरलं नाही. ओळख पटवायला मामंजी गेले आणि परत आल्यावर मला म्हणाले, "तोच आहे." मग हातपाय धुवायला मागे गेले.

आठवडाही उलटला नव्हता. सकाळी मी नातेवाइकांच्या गराड्यात बसले होते आणि गल्लीच्या तोंडाशी शटर वर गेल्याचा आवाज आला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सासूबाई उठल्या नाहीत. दुपारी ते जेवायला आले, तेव्हा त्या समोर येऊन बसल्या.

"शाळा उघडलीत?"

"हं. दोघांची परीक्षा आहे उद्या."

"आपला पोर गेलाय."

"हो."

"आणि तुम्ही..."

"त्यांची परीक्षा आहे गं."

"तुमचं काळीज काढून घेतलंय त्या सैन्याने," सासूबाई म्हणाल्या. "तिथं इंजिन बसवून दिलंय. मारली किल्ली की चालू."

मामंजींनी ताटातलं संपवलं, ताट उचललं आणि विसळून ठेवलं. त्या दिवसापासून सासूबाई शाळेच्या गाडीत बसल्या नाहीत. बाजार, दवाखाना, बहिणीचं घर, सगळीकडे चालत. मागून मामंजींची गाडी आली तर त्या रस्त्याच्या कडेला सरकून उभ्या राहायच्या, परक्या गाडीला राहतात तशा.

मीही मनातून सासूबाईंच्या बाजूने होते. खरं तर मी कुणाच्याच बाजूने नव्हते. मी भाजी चिरायचे, मुलीला न्हाऊ घालायचे, दोरीवरचे कपडे काढायचे आणि घडी घालताना हातात नवऱ्याचा शर्ट आला की तोही घडी घालून ठेवायचे. असे काही आठवडे गेले. एका संध्याकाळी मामंजी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आत ते कधी येत नसत.

"सूनबाई, उद्या सकाळी लवकर आवर. गाडी शिकायचीय."

"मला? कशाला?"

"शिकायचीय."

मी हो म्हणाले. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि तेवढं त्राण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "बाई, सीट पुढे घ्या. पाय पूर्ण पोचला पाहिजे." मला क्षणभर कळलंच नाही की ते माझ्याशी बोलताहेत.

त्या गाडीत मला कुणी कसं वाटतंय म्हणून विचारलं नाही. घरात सगळे तेच विचारायचे. इथे फक्त, "बाई, आरसा." "बाई, क्लच." "बाई, पुढचा सायकलवाला कुठे बघतोय? तुमच्याकडे नाही ना? मग तो वळणार." आणि तो खरंच वळायचा. तासभर मी फक्त सायकलवाले बघायचे. उतरल्यावर सगळं जागच्या जागी परत यायचं, पण तो एक तास त्यातून वजा झालेला असायचा.

पाण्याच्या टाकीकडे जाणारा एक चढ आहे आमच्याकडे. तिथे मध्यावर थांबवून ते गाडी पुन्हा उचलायला लावायचे. माझ्याच्याने ती उचलेना. गाडी बंद पडायची, मागे घसरायची, त्यांचा पाय ब्रेकवर जायचा. एके दिवशी मागे चार गाड्या खोळंबल्या होत्या आणि मी स्टिअरिंग सोडून दिलं.

"मला नाही जमणार."

"काय?"

"काहीच. काहीच नाही जमणार मला."

त्यांनी हात खिडकीबाहेर काढून मागच्यांना पुढे जायची खूण केली. गाड्या गेल्या. ते समोरच्या काचेतून बघत राहिले, आणि वाहतुकीचा नियम सांगावा तशा आवाजात बोलायला लागले.

"आमची ट्रकांची रांग चालली होती वर. बर्फ होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही. हुकूम असा, की रस्त्यात कुणी थांबायचं नाही. एक थांबला की मागचे सगळे अडकतात, आणि अडकलेल्यांवर वरून मारा होतो. माझ्या पुढच्या ट्रकमध्ये माझा दोस्त होता. आम्ही दोघं एकाच दिवशी भरती झालो होतो. वळणावर त्याचं मागचं चाक सरकलं. आवाजसुद्धा फार नाही झाला. होता, आणि नव्हता."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते रस्त्याकडेच बघत होते.

"मग?"

"मग माझ्यापुढे मोकळी जागा झाली. रांगेत फट ठेवायची नसते. मी पुढे घेतली आणि ती भरून काढली."

"तुम्हाला थांबावंसं नाही वाटलं?"

"वाटलं की," ते म्हणाले. "अजून वाटतं."

टाकीच्या मागच्या झाडीत कुणीतरी कुऱ्हाड चालवत होतं. मामंजींनी ब्रेकवरचा पाय तसाच ठेवला होता. "बाई," ते म्हणाले, "क्लच अर्धा सोडा. इंजिनाचा आवाज जड झाला की समजायचं, तिने ओझं घेतलं. मग हँडब्रेक सोडा. घाई करू नका."

मी अर्धा सोडला. आवाज जड झाला. गाडी वर गेली.

हे मी सासूबाईंना सांगितलं नाही. माझं नव्हतं ते सांगायला.

लायसन मिळालं तसं त्यांनी मला शाळेतच बसवलं. आधी टेबलावर, मग शेजारच्या सीटवर. बायका माझ्याकडे शिकायला यायला लागल्या. बायकांना एका गोष्टीचा फार आनंद व्हायचा, की चूक झाल्यावर नवरा शेजारी नसतो. एकदा धान्याचा एक व्यापारी आला. मामंजींना वेळ नव्हता, म्हणून त्यांनी त्याला माझ्याकडे पाठवलं. तो म्हणाला, "बाईमाणसाकडून शिकू?" मामंजी म्हणाले, "नको, चालत जा. तब्येतीला चांगलं." तो माझ्याकडेच शिकला. चांगला चालवतो.

घरात ते तसेच होते, कमी बोलणारे. नातीला शाळेत सोडायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं, आणि मला सकाळची शिकवणी असायची म्हणून तिची वेणीही तेच घालायचे. ट्रकवरचा माल बांधायची जी गाठ त्यांना येत होती, त्याच पद्धतीने. पोरीच्या भुवया दिवसभर वर ओढलेल्या असायच्या. तिच्या वर्गाच्या बाईंनी मला बोलावून विचारलं, "ही सारखी आश्चर्यचकित का असते?" मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सासूबाई हसल्या. फार वर्षांनी त्यांना हसताना बघितलं. मामंजींनी वर्तमानपत्र थोडं वर धरलं, पण कागद हलत होता.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा लेक कॉलेजात होती. दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि मी रिक्षा बोलवायला निघाले, तर त्या म्हणाल्या, "कशाला? घरात गाडी आहे ना?" मामंजींनी गाडी दाराशी आणली. त्या पुढच्या सीटवर बसल्या. इतक्या वर्षांनी. मामंजी एवढंच म्हणाले, "खिडकी खाली करू का?" त्या म्हणाल्या, "अर्धी."

दवाखान्यात एका दुपारी त्यांनी मला विचारलं, "यांना रडताना कधी पाहिलंस?"

"नाही."

"मी पाहिलंय. पोर गेला त्यानंतर. दुपारी मागे कपडे वाळत घालायला गेले, तर हे अंगणात गाडीखाली झोपलेले. पाय तेवढे बाहेर. मला वाटलं, काहीतरी खोलून बसलेत. हाक मारणार होते. मग बघितलं तर हत्यारांची पेटी फळीवरच होती. आणि पाय हलत होते. मुलं कशी हुंदके देताना पाय हलवतात, तसे."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? कपडे वाळत न घालताच आत आले. चहा ठेवला."

"आणि तरी तुम्ही त्यांना इतकी वर्षं बोलत राहिलात?"

सासूबाईंनी मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं, मला काहीच कळत नाही असं.

"मग कुणाला बोलू?" त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावरही शटर लवकरच वर गेलं. या वेळी मी त्यांच्याबरोबर गेले आणि एका बाजूने उचलू लागले, कारण शटर जड झालं होतं, किंवा ते.

ऐंशी ओलांडल्यावर एका सकाळी शाळेची चावी टेबलावर ठेवून ते म्हणाले, "आज माझी परीक्षा घे."

"तुमची? काहीतरीच काय, मामंजी."

"नेहमीचा रस्ता. बाजार, टाकी, शाळा, परत." मग गाडीचं दार उघडून ते शिकाऊ माणसाच्या सीटवर बसले आणि पट्टा लावला. "बसा बाई. आज तुम्ही मास्तर."

मी शेजारी बसले. त्यांनी आरसा बघितला, खूण दिली, गाडी काढली. बाजारातून त्यांनी अशी नेली की भाजीच्या टोपलीचा काठही हलला नाही. टाकीच्या चढावर थांबले, उचलली. केसाएवढीसुद्धा मागे गेली नाही. मला वाटलं, विनाकारण घाबरत होतो आपण. मी खिडकीबाहेर बघायलाही लागले असते.

मुलींच्या शाळेसमोर एक बाई बाबागाडी ढकलत रस्त्यात उतरली. लांबून दिसत होती. निळी साडी, हातात पिशवी. मामंजींचं तोंड तिच्याच दिशेला होतं. मी वाट पाहिली. त्यांचा पाय उचलेल, आता उचलेल. त्यांचं तोंड तिच्याच दिशेला होतं आणि गाडी तशीच चालली होती.

मी ब्रेक दाबला. गाडी आचका देऊन बंद पडली. बाई दचकून थांबली, मग बाबागाडी सावरत पुढे गेली. जाताना तिने काचेतून मामंजींना ओळखलं आणि नमस्कार केला.

"ही कुठून आली?" मामंजींनी विचारलं.

"ती होतीच, मामंजी. आधीपासून."

त्यांनी मान हलवली. हात स्टिअरिंगवर तसेच होते, दोन्ही, ते सगळ्यांना शिकवायचे त्या जागी. मग त्यांनी हँडब्रेक ओढला, चावी फिरवून काढली, पट्टा सोडला आणि खाली उतरले. मी पलीकडे सरकून स्टिअरिंगपाशी बसले आणि ते फेरा मारून शेजारी येतील म्हणून वाट पाहू लागले. त्यांनी मागचं दार उघडलं. मागे बसले.

"चला," ते म्हणाले.

परत येताना त्यांनी मला एकही सूचना केली नाही. आरशात मला त्यांचा फक्त कान दिसत होता, कमी ऐकू येणारा. शाळेशी आल्यावर विचारलं, "पास की नापास?"

"तुम्हीच सांगा."

"मास्तरने सांगायचं असतं."

"नापास," मी म्हणाले. माझा आवाज मलाच कुणा दुसऱ्याचा वाटला.

"बरं केलंस." ते आता तू म्हणत होते. "घाबरलीस?"

"हो."

"पाय नाही घाबरला पण," ते म्हणाले आणि उतरले. ते शटरच्या सावलीत उभे राहून बाहीची घडी नीट करत होते. ती आधीच नीट होती.

त्यानंतर ते पुन्हा चालकाच्या सीटवर बसले नाहीत. शाळेबाहेर खुर्ची टाकून बसायचे. नजर गेली तरी एक कान शाबूत होता, त्यावरच त्यांचं चाललं होतं. रस्त्यावरून गाडी गेली की, "क्लच रडवतोय," "हा डॉक्टर, याला अजून तिसरा गिअर सापडत नाही," असं पुटपुटायचे. लोक मुद्दाम गाडी हळू करून हात दाखवायचे. त्यांना दिसायचं नाही, पण ते हात वर करायचे. कुणासाठी का असेना.

शववाहिका दारात आली त्याच्या आदल्या दुपारी ते जेवून आडवे झाले. चार वाजता उठवायला गेले तेव्हा चष्मा मिटून उशाशी ठेवलेला होता. मी हाक मारली. मग खांद्याला हात लावला. मग पंखा बंद केला, त्यांना गार लागेल म्हणून. नंतर किती वेळ तिथे उभी होते ते लक्षात नाही. लेकीला फोन केला तेव्हा मी आधी तिला विचारलं म्हणे, की जेवलीस का. ती रात्रीतून गाडी चालवत आली. दारात आल्यावर मी तिला म्हटलं, "हेडलाइट बंद कर," आणि तिने मला घट्ट धरलं.

अंत्यविधीला एवढी माणसं येतील असं वाटलं नव्हतं. कुणी कुणाला बोलावलं ते कळलं नाही. बेकरीवाला होता, दोन डॉक्टर होते, निवृत्त झालेला फौजदार होता, मी शिकवलेल्या बायका होत्या, त्यांनी शिकवलेल्या बायका होत्या आणि त्यांच्या मुली. व्यापारी संघाचे अध्यक्ष चार शब्द बोलायला उभे राहिले आणि पहिल्याच शब्दाला अडकले. मग म्हणाले, "मला त्यांनी रिव्हर्स शिकवला," आणि खाली बसले. मी समोर बघत होते. सगळं उरकलं. हात बांधून उभ्या असलेल्या माणसांच्या चपलांवर धूळ होती, हे मला नीट आठवतं.

बाहेर मोकळ्या मैदानात गाड्या लागल्या होत्या, आणि बाहेर पडायला फाटक एकच. मी गाडी काढली. लेक शेजारी बसली. आमच्यापुढे, बाजूला, मागे, सगळीकडून गाड्या फाटकाकडे वळल्या आणि थांबल्या.

"काय झालं?" लेकीने विचारलं.

मी बघितलं. काहीच झालं नव्हतं. फाटक मोकळं होतं. डावीकडच्या गाडीतला माणूस उजवीकडच्याला हाताने खुणावत होता, तुम्ही घ्या. उजवीकडचा मान हलवून त्याला म्हणत होता, नाही नाही, तुम्ही. त्याच्या मागचा आणखी मागच्याला. सगळे सारखे अंतर सोडून उभे. कुणी पुढे घेत नव्हतं.

"आई, असं तर आपण इथून कधीच निघणार नाही," लेक म्हणाली. "हॉर्न वाजवू?"

"नको."

मी इंजिन बंद केलं. समोरच्या छोट्या गाडीत दवाखान्यातली म्हातारी नर्स होती, एकटीच. तिने काचेतून मला हात दाखवला, आधी तुम्ही. मी मान हलवली आणि तिला हात दाखवला.